खपली पण गहूच असतो ओ! आमच्या गल्लीतल्या मंडळाला आणि समस्त काकू-मावश्यांना खुलं पत्र

मंडळाचे अध्यक्ष, खजिनदार, वर्गणीचं पुस्तक घेऊन दारात येणारी सगळी पोरं, आणि महाप्रसादाच्या हंड्यापाशी पदर खोचून उभ्या असणाऱ्या काकू, मावश्या, आत्या, आज्या, सगळ्यांना नमस्कार.

हे खरं तर मीटिंगमध्येच बोलणार होते, पण आपल्या मीटिंगमध्ये बाईमाणसाचा नंबर लागेपर्यंत डॉल्बीचा विषय निघतो आणि मग रात्रीचे बारा वाजतात, म्हणून लिहूनच काढलं. जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

गेल्या वर्षीचं आठवा. सांगली संस्थानचा गणपती पाचव्या दिवशी बोळवून आलो आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी आपला महाप्रसाद होता, बेत नेहमीचाच, भात, आमटी, वांग्याची भाजी आणि मोठ्या हंड्यात खपलीची खीर. मी पत्रावळ्या मांडत होते आणि आमचा बारक्या, तेव्हा साडेतीन वर्षांचा, मांडवाच्या मागं पोरांच्यात खेळत होता. एका मावशीनं त्याला द्रोणात खीर दिली. नाव घेणार नाही, घ्यायचं कारणच नाही, तिनं जीव लावूनच दिली. मी बघितलं आणि पळत गेले तोवर अर्धा द्रोण संपला होता, ओठाला गूळ, शर्टावर खोबऱ्याचे कण आणि हनुवटीला एक दाणा चिकटलेला, शिजून फुगलेला, मधोमध चीर असलेला. तो दाणा मी बोटानं काढला आणि तिथंच मटकन बसले. मावशी म्हणाली, "अगं गव्हाची कुठाय, खपलीची हाय की ती, पचायला हलकी असती. वाईच खाल्ली तर काय होतंय?"

काय होतंय ते सांगायलाच हे पत्र लिहितेय.

त्या रात्री अकरा वाजता पहिली उलटी झाली. मग तीन दिवस जुलाब, आठवडाभर पोट ढोलकं, आणि चिडचिड इतकी की चप्पल डाव्या पायात आधी घातली म्हणून अर्धा तास रडणं. तुम्हाला वाटलं असेल प्रसाद जरा जास्त झाला, होतं पोरांना. तसं नव्हतं ते.

बारक्याला सिलियाक नावाचा आजार आहे. गहू, सातू आणि राय, म्हणजे मोहरी नव्हे, परदेशातलं एक धान्य, आपल्याकडं कुणी खात नाही ते सोडा, या धान्यांत जे ग्लुटेन असतं, कणीक मळल्यावर जी चिवट ताण धरते ना तेच ते, ते याच्या पोटात गेलं की याच्याच अंगातली रोगाशी लढणारी फौज याच्याच आतड्यावर उलटते. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बारीक बारीक लव असते, सोलापुरी टॉवेलला कसे दोरे वर आलेले असतात तशी, तिच्यातून खाल्लेलं अंगी लागतं. ती लव झडत जाते. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं तेव्हा माझे सासरे म्हणाले, म्हणजे टॉवेलचा पंचा झाला म्हणा की. डॉक्टर हसले, पण म्हणाले अगदी बरोबर.

आता खपलीचं. खपली हा जुन्या जातीचा गहू, चांगलाच आहे, शुगरवाल्यांना बरेच जण तो खायला सांगतात, आमच्याही घरी मोठ्यांसाठी त्याचीच खीर होते. पण तो गहूच आहे आणि त्याच्यात ग्लुटेन आहे. बन्सी, खपली, लोकवन, रवा, मैदा, दलिया, शेवया, नुडल्स, नानकटाई, टोस्ट, खारी, सगळं एकाच घरचं. "हलका गहू" हे तुमच्याआमच्यासाठी, बारक्याला हलका-जड असं काही नाही.

हे कळायला आम्हालाच दोन वर्षं लागली, तर तुम्हाला नाही कळलं यात राग कसला. तो सहा महिन्यांचा झाल्यावर सगळ्यांसारखंच आम्ही पण गव्हाचं सत्त्व सुरू केलं, सासूबाई तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक निवळवून पांढरंशुभ्र सत्त्व करायच्या, त्यांच्या हाताला तोड नाही. मग वरणात कुस्करलेली चपाती, रव्याची खीर, दुधात बुडवलेलं बिस्कीट. आणि दीड वर्षाच्या सुमारास पोराचं सगळंच फिसकटलं. शी पातळ, फिकट, तेलकट, भांड्याला चिकटून बसणारी. पोट पुढं आणि हातपाय काड्या. दीड वर्षाचा असताना वजन साडेनऊ किलो आणि दुसऱ्या वाढदिवसालाही साडेनऊच, फोटोत केकपेक्षा त्याचं पोटच दिसतंय. हिमोग्लोबिन ७.८. लोहाचं औषध देत होतो तरी वाढेना, आता कळतं की लवच नाही तर लोह शोषणार कोण.

तेव्हा तुम्ही सगळ्यांनी सल्ले दिलेत, आम्ही सगळे केले. दात येतायत म्हणून थांबलो. दृष्ट काढली. बेंबी सरकलीय म्हणून पोट चोळून आणलं. एका दवाखान्यात जंताचं औषध दोनदा झालं, दुसरीकडं टॉनिक, तिसरीकडं सांगितलं दूध बंद करा. दूध बंद केल्यावर थोडा फरक पडला म्हणून आम्ही खूश, पण तो फरक अर्धाच होता. दुधातली साखर पचवणारा रस त्या लवेच्या टोकाशीच तयार होतो, लव झडली की दूधही पचेना होतं. म्हणजे दुधाचा त्रास खरा होता पण मूळ दुखणं ते नव्हतं. पुढं गहू सुटल्यावर दोन महिन्यांनी आधी दही सुरू केलं, मग दूध, आता रात्री पेलाभर पितो आणि मिश्या पुसत नाही.

मधे माझी स्वतःची एक चूक आहे ती पण सांगते, कारण या गल्लीत अजून कुणाचं पोरगं असं असेल तर उपयोग होईल. मी मोबाईलवर बघून आपलं आपणच गहू बंद केला. तीन आठवड्यांत पोरगं सुधारायला लागलं, मला वाटलं मी डॉक्टरच झाले. मग मिरजेला पोटाच्या डॉक्टरांकडं गेलो तर पहिला प्रश्न, गहू चालू आहे ना? नाही म्हटल्यावर त्यांनी पेनच खाली ठेवलं. म्हणाले गहू बंद असताना तपासणी केली तर आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो, मग आयुष्यभर होय का नाही यातच अडकाल. म्हणून त्यांच्या सांगण्यावरून परत गहू सुरू केला, सहा आठवडे. माझ्याच हातानं चपाती भरवायची आणि रात्री माझ्याच हातानं पोट चोळत बसायचं, ते सहा आठवडे मी कुणाच्या शत्रूला पण देणार नाही. मग टीटीजी नावाची रक्ताची तपासणी, सोबत एकूण आयजीए, म्हणजे रोगाशी लढणारं रक्तातलं एक प्रथिन, ते पण बघतात कारण ते मुळातच कमी असलं तर टीटीजी फसवते, आणि शेवटी दुर्बिणीनं आतड्याचे बारीक तुकडे काढून. रिपोर्ट आला तेव्हा मी रडले नाही, खरं सांगते, मला बरंच वाटलं, नाव तरी मिळालं.

त्यामुळं हे वाचून कुणी उद्यापासून पोराची चपाती बंद करू नका. पोट दुखलं की सिलियाक असं नसतं, दुधाची ॲलर्जी वेगळी, दूध न पचणं वेगळं, शेंगदाण्याची ॲलर्जी तर एकदम वेगळी, तिच्यात काही मिनिटांत ओठ सुजून श्वास अडकू शकतो, तिथं घरचे उपाय करत बसायचं नसतं, सरळ दवाखाना. आणि दुधाची ॲलर्जी असलेल्या पोराला शेळीचं दूध पाजा हे जे आपण सगळेच सांगतो ना, ते बंद करूया, शेळीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच असतात, बहुतेकांना त्याचाही त्रास होतो. आधी तपासणी, मग पथ्य. आणि घरात एकाला सिलियाक निघाला तर आईबाप-भावंडांची पण तपासणी करायला सांगतात, कारण सख्ख्या नात्यात साधारण दहात एकाला निघतो. आमच्या घरी बाकी कुणाला नाही निघाला.

औषध काय, तर काही नाही. गोळी नाही, इंजेक्शन नाही, ऑपरेशन नाही, फक्त जन्मभर गहू नाही. डॉक्टरांनी आम्हाला एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. हॉलंडमध्ये डिके नावाचे लहान मुलांचे डॉक्टर होते, त्यांना आधीपासून गव्हाचा संशय होता. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिकडं इतकी उपासमार झाली की पाव मिळेना, आणि सगळा देश भुकेनं खंगत असताना ही सिलियाकची पोरं मात्र सुधारली, पाव परत आला तशी परत बिघडली. १९५० साली त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. त्याच्या आधी अमेरिकेत अशा पोरांना नुसती केळी खायला घालायचे, बरी व्हायची ती, आणि लोकांना वाटायचं केळ्यात जादू आहे. जादू कसली, केळी खाल्ली म्हणून पाव सुटला एवढंच.

तर बारक्याचं पथ्य सुरू झालं. पहिल्या महिन्यातच शी सुधारली, चिडचिड गेली, पोरगं हसायला लागलं. पण सहा महिन्यांनी टीटीजी केली तर आकडा उतरायला पाहिजे तेवढा उतरलाच नव्हता. मी शपथेवर सांगत होते ओ, एक घास गव्हाचा दिला नाही, नुसती भाकरी खातोय. डॉक्टर म्हणाले, ज्वारी दळता कुठं?

दळता कुठं! गल्लीच्या तोंडाला गिरणी आहे तिथंच, अजून कुठं. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले आणि पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून बघितलं. माझ्या आधीच्या बाईंचा दहा किलो गहू चालला होता, तो संपला, काकांनी पिशवीवर दोन थापा मारल्या, माझी ज्वारी वर ओतली आणि पहिली दोन ओंजळ पीठ जे खाली आलं ते उघड उघड गव्हाच्या रंगाचं. वर हवेत उडणारं, भिंतीवर बसलेलं वेगळंच. काकांची चूक नाही, गिरणी अशीच चालते, आपण सगळेच एकमेकींचं पीठ घरी नेतो. त्या रात्री मी हिशोब केला. पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहायचं असेल तर किलोमागं २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन पाहिजे असा आपल्याकडं नियम आहे. गव्हाच्या पिठात साधारण दहा टक्क्यांच्या आसपास ग्लुटेन धरा, म्हणजे किलोभर ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम गव्हाचं पीठ पडलं तरी ती मर्यादा ओलांडली. पाव ग्रॅम म्हणजे चिमूट पण नाही. आणि मी दोन ओंजळ आणत होते.

मग हप्त्यावर घरघंटी घेतली. तिच्यात गहू टाकायचा नाही असा घरात कायदा आहे, मोठ्यांचा गहू अजून गल्लीतल्या गिरणीतच जातो. बारक्याचा तवा वेगळा, परात वेगळी, चाळण वेगळी, लाकडी पोळपाट-लाटणं वेगळं कारण लाकडात पीठ बसतं. त्याच्या भांड्यांना लाल दोरा बांधलाय. सासूबाई सुरुवातीला म्हणाल्या हे काय सोवळं मांडलंस, आणि आता त्याच सगळ्यांत कडक आहेत, माझा हात कणकेचा असला तर त्याच्या डब्याला शिवू देत नाहीत.

आणि मग हिंग! हे तुमच्यातल्या कुणालाच माहीत नसणार, मला पण नव्हतं. डबीतला हिंग हा नुसता हिंग नसतो, त्यात खायचा डिंक असतो आणि बऱ्याच कंपन्यांच्या डबीत मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, काहींच्यात तांदळाचं. उजेडात धरून बारीक अक्षरं वाचा, २०२० च्या लेबलच्या नियमानुसार पाकीटबंद मालावर ग्लुटेनचं धान्य, दूध, शेंगदाणा, सोया असलं काही असेल तर छापायलाच लागतं. म्हणजे आपली महाप्रसादाची आमटी, तिच्यात गव्हाचा दाणा नसला तरी फोडणीत गहू होता. आता उन्हाळ्यात डंकावर कांदा-लसूण मसाला करून आणते तेव्हा बिनपिठाचा खडा हिंग माझ्या घरून नेते आणि सकाळी सगळ्यांच्या आधी नंबर लावते.

तरी बरं आपण सांगलीचे. जतकडची शाळू ज्वारी आहे, भाकरी आहे, तांदूळ, नाचणी, बाजरी आहे. २०२३ साली भरडधान्याचं वर्ष म्हणून जगभर गाजावाजा झाला, तेव्हा आमच्या घरात ते आधीच साजरं होत होतं. सगळ्यात मजा म्हणजे उपवासाचं सगळं त्याला चालतं, साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, त्यामुळं आषाढीला पाहुण्यांकडं गेलो की हा राजा, आणि बारशाला गेलो की उपाशी. त्याला कुणी विचारलं तुझा आवडता सण कोणता तर एकादशी म्हणतो. दिवाळीत अनारसे त्याचे, करंजी-शंकरपाळी नाही. उन्हाळ्यात गच्चीवर तुम्ही कुरडया घालता तेव्हा सगळी पोरं वाटी घेऊन गरम चिकाला बसतात, तो पण वाटी घेऊन येतो, आणि दर वेळी आधी विचारतो, "काकू, ह्यात गहू हाय?" पाच वर्षांचं पण नाही अजून. काकू हो म्हणाल्या की वाटी उलटी करून डोक्यावर टोपीसारखी घालतो आणि निघून जातो. मला ते बघवत नाही, पण त्याला कुणी हळहळ दाखवलेली आवडत नाही, म्हणून मी पण काही बोलत नाही. मी आता तांदळाच्या पापड्या त्याच दिवशी घालते, म्हणजे त्याला पण चीक मिळतो.

एक बारकी पिशवी आमच्या माळ्यावर कायम असते, चुरमुरे, राजगिऱ्याचे लाडू, घरचं पीठ, गूळ. तुम्ही विचारलं होतं कशाला. कृष्णेला पूर येऊन आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी चाळीस फुटांवर गेली की कशाला ते कळतं. २०१९ ला आणि २०२१ ला मदतीच्या गाड्यांतून काय आलं होतं आठवा, बिस्किटं, चपात्या, ब्रेड, टोस्ट. देणाऱ्यांचे उपकारच, पण तसं परत आलं तर यातलं एक पण याला चालणार नाही.

अंगणवाडीच्या ताईंचं मात्र कौतुक करायलाच पाहिजे. मी रिपोर्ट घेऊन गेले, त्यांनी एकदाच नीट ऐकून घेतलं आणि मदतनीस मावशींना पण बोलावून सांगितलं. लापशीच्या दिवशी याचा डबा घरून, खिचडीच्या दिवशी हिंग न घालता याची आधी काढून, आणि बसवतात सगळ्यांच्यात, कोपऱ्यात नाही. मला एवढंच पाहिजे. आणि हो, कृपा करून "मग हा बरा कधी होणार" असं त्याच्या समोर विचारू नका. तो बराच आहे. पथ्य आहे तोवर बरा आहे. आणि "परवा आमच्या घरी चुकून खाल्लं होतं, काही नाही झालं" हे पण नको, कारण दर वेळी उलटी होतेच असं नाही, बाहेरून काही दिसत नाही आणि आत लव झडतेच, आणि ती परत यायला महिने लागतात. गेल्या वर्षीच्या त्या अर्ध्या द्रोणानंतर मला कुणी भेटायला आलं की मी म्हणायचे बरा आहे आता. तेव्हा बोलायला पाहिजे होतं, नाही बोलले, आमच्यामुळं सणाला गालबोट नको असं वाटलं.

तर यंदासाठी माझं म्हणणं. खीर बंद करा असं मी म्हणत नाही, हंडाभर खपलीची खीर ही आपल्या मंडळाची ओळख आहे, मी स्वतः दोन वाट्या खाते. फक्त खिरीचा डाव वेगळा ठेवा, भाताच्या पातेल्यात तो जाऊ देऊ नका. आमटीच्या फोडणीसाठी खडा हिंग मी देते, फुकट देते, चवीला पण चांगला असतो. पुऱ्या काढायच्या ठरल्या तर पापड वेगळ्या तेलात तळा, नाहीतर मग याला पापड नको. आणि कुठल्याही पोराच्या हातात काही द्यायच्या आधी त्याच्या आईला एक हाक मारा, मी दहा पावलांवरच असते.

आणि आरतीनंतर रोजचा जो शिरा वाटतो ना, त्याच्याऐवजी यंदा खिरापत करूया का? पूर्वी खिरापतच असायची म्हणे, सासरे सांगतात. खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर आणि पाचवं खिसमिस, म्हणजे आपलाच बेदाणा, तासगावचा. गॅस नाही, कढई नाही, सांडलं तर मुंग्या सोडून कुणाचं नुकसान नाही, आणि रांगेत उभं राहून बारक्या पण हात पुढं करेल. पहिल्या दिवसाचं पाच किलो आमच्याकडून. खोबरं मी किसते, बेदाणे निवडून झालेत, पण खारीक फोडायला दोन दणकट पोरं रविवारी सकाळी पाठवा, गेल्या वेळी अडकित्त्यानं माझं बोट कापलंय.

तुमचीच,
बारक्याची आई